आमदारांना भेटायचंय? जनता दरबार, आमसभा, निवेदनं आणि हारतुरे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी बरीच वर्षं टेबल सांभाळलं. ते काम सोडलं तरी गावाकडचे फोन थांबलेले नाहीत: साहेब कधी भेटतील, पत्र मिळेल का, उद्घाटनाला येतील का. तेच ते प्रश्न एकदाचे लिहून काढले आहेत. आमदार कोणत्याही पक्षाचे असोत, महाराष्ट्रात कुठेही असोत, उत्तरं फारशी बदलत नाहीत.

माझे आमदार नक्की कोण?

विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत, त्यातल्या एकात तुमचं नाव आहे. तो आमदार तुम्हाला माहीत असतो. पण विधान परिषदेतही ७८ जण बसतात आणि त्यांचा लोकांना विसर पडतो. त्यांपैकी सात शिक्षकांनी निवडून दिलेले, सात पदवीधरांनी आणि बावीस स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी. तुम्ही शिक्षक असाल, पगाराचं किंवा अनुदानाचं दुखणं असेल, तर शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांकडे जा. त्यांचा तो रोजचा विषय आहे. आमच्याकडे आलात तर आम्ही पत्र देऊ, पण त्यांना त्यातली कलमं तोंडपाठ असतात.

तुंबलेल्या गटारासाठी आमदारांकडे जायचं का?

नियमाने नाही. गटार, कचरा, पथदिवे ही ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेची कामं. पण २०२२ पासून पुढची काही वर्षं बहुतेक महापालिका, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले होते. नगरसेवक नाही, झेडपी सदस्य नाही, मग माणूस जाणार कुठे? सगळं आमदारांच्या दारात आलं. ती सवय अजून मोडलेली नाही आणि आमदारांनाही ती मोडायची घाई नाही, कारण गटार साफ झालं की मत पक्कं होतं.

भेटायला चांगली वेळ कोणती?

घरी भेटत असतील तर सकाळी आठच्या आत. त्यानंतर माणूस गाडीत बसतो आणि मग तो त्याच्या स्वतःच्याही हातात नसतो. लग्नसराईत दुपारी जाऊ नका, एका दिवसात पंधरा-वीस मांडव असतात.

अधिवेशनाचा काळ टाळा. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत, पावसाळी जून-जुलैच्या सुमारास मुंबईत आणि हिवाळी डिसेंबरात नागपूरला. तेव्हा मतदारसंघात सापडले तर शनिवार-रविवारीच, आणि ते दोन दिवस उद्घाटनांनी भरलेले असतात.

खरं सांगायचं तर दहांतल्या आठ कामांसाठी आमदारांना भेटायची गरजच नसते. कार्यालयात कागद द्या, नोंद करून घ्या. हे सांगितलं की लोकांना वाटतं, हा आपल्याला वाटेला लावतोय. पण साहेबांच्या हातात दिलेला कागदही शेवटी माझ्याच टेबलावर यायचा, फक्त चार दिवस उशिरा आणि चुरगळून.

जनता दरबाराला कायद्याचा आधार आहे का?

नाही. जनता दरबार हा आमदार किंवा मंत्र्यांनी स्वतःहून चालवलेला उपक्रम. अधिकारी येतात ते सांगितलं म्हणून येतात. आमदारांनी माइकवरून एखाद्या अभियंत्याला झापलं की मांडवात टाळ्या पडतात, पण त्या झापण्याची इतिवृत्तात नोंद झाली नसेल तर सोमवारी तो अभियंता आणि तुमचा रस्ता दोघेही जिथल्या तिथे असतात.

शासनाने घालून दिलेली व्यवस्था म्हणजे लोकशाही दिन. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत पहिल्या सोमवारी. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. कोर्टात असलेली प्रकरणं आणि नोकरीच्या आस्थापनेचे विषय तिथे घेत नाहीत. गर्दी कमी असते, फोटोवाले नसतात, म्हणून लोकांना तो फिका वाटतो. मला विचाराल तर आधी तिथे जा, आणि तिथला अर्ज क्रमांक घेऊन मग जनता दरबारात या. क्रमांक असलेल्या माणसाला अधिकारी टोलवू शकत नाही.

निवेदन कसं लिहायचं?

एका कागदावर एक काम. माझ्याकडे येणाऱ्या निवेदनांत पहिला परिच्छेद साहेबांच्या कार्याचा गौरव, दुसरा आमच्या गावाने कशी आघाडी दिली त्याचा, आणि तिसऱ्यात रस्ता, पाणी, स्मशानभूमीचं शेड, शाळेची खोली आणि सरपंचांच्या पुतण्याची नोकरी. असा कागद कुठल्या खात्याला पाठवायचा? पाच खात्यांची पाच कामं असतील तर पाच कागद लिहा.

रस्ता कुठून कुठपर्यंत ते लिहा. तो ग्रामीण मार्ग आहे, इतर जिल्हा मार्ग आहे की राज्यमार्ग, हे माहीत असेल तर लिहाच, कारण त्यावरून तो जिल्हा परिषदेकडे जायचा की सार्वजनिक बांधकामकडे ते ठरतं. वीज असेल तर ग्राहक क्रमांक आणि डीपीचं ठिकाण. जमिनीचं असेल तर गट क्रमांक. आधी कुणाला अर्ज दिला, कोणत्या तारखेला, त्याची प्रत जोडा. खाली सह्या दोनशे असल्या काय आणि सात असल्या काय, त्यात चालू असलेला एक मोबाइल नंबर पाहिजे. दोनशे सह्या आणि एकही नंबर नाही, अशी निवेदनं मी मोजायचं सोडून दिलं होतं.

दोन प्रती आणा. एक आम्हाला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन तुमच्याकडे. ही पोच. पोच मागितली म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलाच तर तो माणूस बदलायला हवा.

आमदारांचं पत्र गेलं की काम होतंच ना?

पत्र म्हणजे शिफारस, आदेश नव्हे. आमदार पाहणी करू शकतात, बैठक लावू शकतात, सभागृहात विचारू शकतात. सही मात्र अधिकाऱ्याचीच चालते.

पत्राला वजन येतं ते पाठपुराव्याने. आमच्या जावक क्रमांकासह ते पत्र कोणत्या कार्यालयात कोणत्या टेबलावर आहे, हे आठ दिवसांनी जाऊन विचारा. सांगताना एवढं बोला की २००५ च्या बदल्यांच्या आणि दप्तरदिरंगाईच्या कायद्यानुसार सर्वसाधारण फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहायला नको. बहुतेकांना कायद्याचा बदल्यांचा अर्धा भागच पाठ असतो, दुसरा कुणी काढून दाखवला की टेबलापलीकडचा चेहरा बघण्यासारखा होतो. दाखला किंवा परवाना हवा असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं. त्यासाठी आमदार लागत नाही.

कार्यक्रमात व्यासपीठावर चढून निवेदन दिलं तर?

फोटो मिळेल. निवेदन हारांच्या ढिगात जाईल, ढीग गाडीच्या डिकीत आणि डिकी रात्री अकरा वाजता रिकामी होईल. मी स्वतः झेंडूच्या पाकळ्यांतून कागद वेचले आहेत. एकदा अपंगत्वाच्या दाखल्यांची मूळ फाइल त्यात निघाली, आणि तो माणूस दोन आठवडे आम्हाला नाही, एसटी डेपोला फोन करत होता, कारण त्याला वाटलं बसमध्ये विसरली. मूळ कागद कार्यक्रमात कुणाच्याही हातात देऊ नका. अगदी माझ्याही.

मग सर्वांसमोर प्रश्न विचारायची जागा कोणती?

आमसभा. या एका शब्दासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो असं समजा.

पंचायत समितीची आमसभा वर्षातून एकदा घ्यायची असते. अध्यक्षस्थानी तालुक्याचे आमदार, सचिव गटविकास अधिकारी. समोर सगळी खाती हजर: तहसील, कृषी, आरोग्य, शिक्षण, बांधकाम, पाणीपुरवठा, महावितरण, एसटी, वन, भूमिअभिलेख, पोलीस. एकेका खात्याचा आढावा होतो आणि तालुक्यातला कुणीही उभा राहून विचारू शकतो. जनता दरबारात तुम्ही अर्जदार असता, आमसभेत सभेचा भाग असता. तिथलं इतिवृत्त लिहिलं जातं आणि पुढच्या आमसभेची सुरुवात मागच्या इतिवृत्ताच्या वाचनाने होते. म्हणजे गेल्या वर्षी महावितरणने ‘दोन महिन्यांत रोहित्र बसवतो’ असं सांगितलं असेल, तर या वर्षी त्यांना तिथेच उभं राहून सांगावं लागतं की का नाही बसवलं.

चांगली आमसभा मी पाहिली आहे. सकाळी अकराला सुरू झाली, दिवेलागणीला संपली. एका म्हातारीने एसटीच्या आगारप्रमुखांना विचारलं, ‘तुमची गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाही, ती काय विमान आहे का?’ सभागृह हसलं. आगारप्रमुख हसले नाहीत. तो थांबा आठवड्यात सुरू झाला.

आणि वाईट आमसभाही पाहिली आहे. आमदारांचे कार्यकर्ते पहिल्या चार रांगांत, विरोधकांचे मागे, घोषणा, माइक ओढाओढी, दीड तासात ‘सभा संपली’. त्याहून वाईट म्हणजे ती न होणं. अनेक तालुक्यांत वर्षानुवर्षं आमसभा झालेली नाही. कधी आचारसंहिता, कधी दुष्काळ, कधी साहेबांना वेळ नाही. आम्हीही एक वर्ष तारीख पुढे पुढे ढकलली होती, आणि कारण एवढंच होतं की पाण्याच्या योजनेचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. भूमिपूजनाला तेवढ्याच दिवसांत तीनदा वेळ काढला होता.

आमसभा होत नसेल तर काय करायचं?

गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा: शेवटची आमसभा कोणत्या तारखेला झाली, इतिवृत्ताची प्रत द्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. शिवाय ग्रामसभेत ‘तालुक्याची आमसभा घ्यावी’ असा ठराव करा. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायच्या असतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या तुम्हाला माहीतच आहेत. पंधरा-वीस गावांचे ठराव आले की आमच्यासारखे टेबलावरचे लोक साहेबांना डायरी उघडायला लावतात.

आमदार निधीतून आमच्या गल्लीचा रस्ता होईल का?

होऊ शकतो. २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हा निधी वर्षाला ४ कोटींवरून ५ कोटी झाला. मोठा वाटतो, पण मतदारसंघातल्या सगळ्या गावांत वाटायला घेतला की प्रत्येकी एखादा पेव्हर ब्लॉकचा तुकडा येतो.

हे पैसे आमदारांच्या खात्यात येत नाहीत. आमदार काम सुचवतात, अंदाजपत्रक बांधकाम यंत्रणा करते, प्रशासकीय मान्यता जिल्ह्याच्या नियोजन विभागातून मिळते, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. खासगी जागेवर हे काम होत नाही. सभामंडप हवा असेल तर जागा कुणाच्या नावावर आहे तो उतारा आधी बघा. निम्मी निवेदनं तिथेच आडवी होतात: जागा देवळाच्या पुजाऱ्याच्या आजोबांच्या नावावर, वारस अकरा, त्यातले दोन सुरतेला.

भूमिपूजन होऊन वर्ष झालं, काम सुरू नाही. का?

तीन शक्यता. कार्यारंभ आदेश होण्याआधीच नारळ फोडला. किंवा आदेश झाला पण ठेकेदाराची आधीची बिलं अडकली म्हणून तो येत नाही. किंवा पाइपलाइन, अतिक्रमण असं काहीतरी आडवं आलं. पुढच्या वेळी नारळ फुटायच्या आधी सरळ विचारा: कार्यारंभ आदेशाचा क्रमांक काय, मुदत किती महिन्यांची? कोनशिलेवर नावं बारा असतात, हे दोन आकडे कधीच नसतात.

आमच्या कार्यक्रमाला आमदारांना बोलवायचंय. काय काळजी घ्यावी?

तारीख मिळाल्याशिवाय पत्रिका छापू नका. हा सल्ला कुणी ऐकत नाही. लोक आधी फ्लेक्स लावतात आणि मग फ्लेक्सचा फोटो पाठवून ‘आता यावंच लागेल’ म्हणतात. फ्लेक्सला पालिकेची परवानगी नसेल तर ते मालमत्ता विद्रूपीकरणाच्या १९९५ च्या कायद्यात बसतं, आणि फोटो साहेबांचा असतो.

वेळ खरी सांगा. दहाला बोलवून लोक साडेअकराला जमणार असतील तर साडेअकराच लिहा. साहेब उशिरा येतात ही तक्रार रास्त आहे, पण त्यामागे निम्म्या वेळा असं आधीच्या चार कार्यक्रमांचं साचलेलं खोटं वेळापत्रक असतं. स्वागत तिघांनी करा, तीसजणांनी नाही.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर माणसं बसवू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण गेले. त्यानंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावरचे कार्यक्रम नको असं ठरवलं. कार्यक्रम लहान असला तरी ऊन तेवढंच असतं. सकाळी नऊला उरका किंवा संध्याकाळी ठेवा, मांडव हवाच, आणि मांडवात पाणी मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. समोरच्या खुर्च्यांवर बाटल्या आणि मागे बायाबापड्या पदराने वारा घेत, हे चित्र मला आजही आवडत नाही.

रात्रीचा असेल तर लाउडस्पीकर दहाला बंद. वर्षातले मोजके जाहीर केलेले दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सवलत मिळते. तुमच्या मंडळाचा वर्धापनदिन त्यात येत नाही.

आचारसंहितेत भेटता येतं का?

भेटता येतं, ऐकतील, कागदही घेतील. नवीन कामाची मंजुरी, भूमिपूजन, लोकार्पण, निधीची घोषणा मात्र नाही. आधी सुरू झालेली कामं चालू राहतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, त्यामुळे आदल्या आठवड्यात राज्यभर नारळांचा तुटवडा पडेल की काय असं वाटत होतं.

साहेब लग्नांना आणि दहाव्याला जातात, कामं कधी करतात?

हा टोमणा आहे, पण उत्तर देतो. ज्याच्या घरी माणूस गेला त्याच्या ओट्यावर दहा मिनिटं बसलेला आमदार गाव वीस वर्षं विसरत नाही. तिथेच कुणीतरी हळूच सांगतं की पोस्टमॉर्टेमसाठी चाळीस किलोमीटर जावं लागलं. असं दुखणं कुठल्या निवेदनात येत नाही. त्यामुळे सांत्वनाच्या भेटींबद्दल माझी तक्रार नाही. लग्नांबद्दल आहे. अक्षता, फोटो, पुढचा मांडव, दिवस संपला.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीने फिरायचे. एसटीत आमदार-खासदारांसाठी राखीव जागा असते हे बहुतेकांना पाटी वाचूनच माहीत असतं, त्या जागेवर बसलेला खरा आमदार फार थोड्यांनी पाहिला. एसटीत बसलेल्या माणसाला वेगळा जनता दरबार भरवावा लागत नाही, शेजारच्या सीटवर तो भरलेलाच असतो.

दवाखान्याच्या बिलासाठी पत्र मिळेल का?

मिळेल, आणि यासाठी रात्री दोनलाही फोन करा. पण आधी दवाखाना धर्मादाय आहे का ते बघा. सार्वजनिक न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तो तुमचा हक्क आहे, आमदारांची कृपा नाही. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा आणि दवाखान्यातल्या समाजसेवकाला भेटा. भरती होतानाच सांगा, बिल झाल्यावर नाही. डिस्चार्जच्या दिवशी आलेल्या माणसासाठी आम्ही फक्त विनवणी करू शकतो.

आमचा प्रश्न अधिवेशनात मांडता येईल का?

येईल, पण अधिवेशन सुरू झाल्यावर नका येऊ. प्रश्न काही आठवडे आधी द्यावे लागतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. तातडीचं आणि सार्वजनिक महत्त्वाचं असेल तर लक्षवेधी सूचना.

आम्हाला लागतो तो तपशील: तारीख, ठिकाण, आदेशाची प्रत, वर्तमानपत्राचं कात्रण. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर प्रश्न तयार होत नाही. मंत्र्यांनी आश्वासन दिलं की ते आश्वासन समितीकडे जातं, म्हणून उत्तराची छापील प्रत आमच्याकडून मागून घ्या. शिवाय विधानमंडळाची विनंती अर्ज समितीही असते, तिच्याबद्दल विचारायला माझ्याकडे इतक्या वर्षांत दोनच माणसं आली.

नागपूरला मोर्चा न्यायचाय, आमदार भेटतील का?

मोर्चे साधारण यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट अशा ठिकाणी पोलीस अडवतात. तिथे आमदार किंवा मंत्री येऊन निवेदन घेतात, किंवा शिष्टमंडळाला आत नेतात. परवानगी आधी घ्या, माणसांचा खरा आकडा पोलिसांना द्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा तिथे दिवसभर थांबून राहिला, कुणी भेटायला आलं नाही, आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. सीताबर्डीवरच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. बायका-मुलं बरोबर असतील तर बाहेर पडायच्या वाटा आधी बघून ठेवा.

विधानभवन आतून बघता येतं का?

आमदारांच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो. ओळखपत्र लागतं, मोबाइल बाहेर. शाळेची सहल असेल तर यादी आधी पाठवा.

आम्ही त्यांना मत दिलं नाही. काम होईल?

आवक रजिस्टरला पक्षाचा रकाना नसतो. कार्यकर्त्यांच्या डोक्यात असतो, म्हणून कार्यकर्त्याला मध्ये न घेता कागद थेट टेबलावर द्या.

कार्यालयात येताना काय आणायचं?

निवेदनाच्या दोन प्रती, आधीच्या अर्जांच्या झेरॉक्स, चालू मोबाइल नंबर. पेढे नकोत. बुकेही नको. पेन मात्र आणा, टेबलाला दोरीने बांधलेलं आमचं पेन रोज दुपारपर्यंत नाहीसं व्हायचं आणि दोरी तेवढी लोंबत राहायची.